श्रीमंत देशातली गरिबी: अमेरिकेत पैसा कुठे अडतो

अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही बिनपगारी सुट्टी न घेता काम केलं तर वर्षाचे होतात १५,०८० डॉलर, तेही कपातीच्या आधी. २०२५ साली एकट्या माणसासाठी सरकारी दारिद्र्याची मर्यादा होती १५,६५० डॉलर. पूर्ण वेळ राबणारा माणूस त्याच सरकारच्या मोजमापात गरीब ठरतो, आणि हे अपघाताने झालेलं नाही. ७.२५ हा आकडा २४ जुलै २००९ पासून हललेला नाही, कारण तो महागाईशी जोडलेला नाही. वाढवायचा तर दर वेळी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, नवा कायदा करावा लागतो. हॉटेलात वाढपी म्हणून काम करणाऱ्यांसारख्या टिपवर जगणाऱ्यांसाठी मालकाने द्यायचं किमान वेतन तर २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून तेवढंच आहे. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यावा असा नियम आहे, पण तो पाळला गेला की नाही हे बघण्याचं ओझं बहुतेकदा कामगारावरच येतं.

राज्यं आपला दर वाढवू शकतात, आणि तीस राज्यांनी तो वाढवलाही आहे. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये तासाला १६.६६ डॉलर होते. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इथे अजून ७.२५ च. एकाच देशात, एकाच कामाला, दुपटीहून जास्त फरक.

जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेत गरिबी उरते ती पैसा नसल्यामुळे नाही, हे तिथल्या बहुतेक अभ्यासकांना मान्य असतं. मग ती कशाने उरते? आमचं उत्तर असं: या देशात सरकारी मदत सगळ्यांनाच मिळते, पण ती दोन वेगळ्या दारांनी येते. गरिबाच्या दारावर अर्ज, अटी, मर्यादा आणि रांग असते. श्रीमंताच्या दारावर यातलं काहीच नसतं, कारण त्याची मदत करकायद्यातच मुरलेली असते आणि तिला कोणी मदत म्हणत नाही. ही दोन दारं कशी चालतात ते आकड्यांनिशी पाहू. त्याआधी गरिबी मोजतात कशी हे समजून घ्यायला हवं, कारण सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

रेषा कुठून आली

१९६३-६४ मध्ये सोशल सिक्युरिटी प्रशासनात, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन देणाऱ्या खात्यात, काम करणाऱ्या मॉली ऑर्शान्स्की यांनी एक सोपी पद्धत काढली. कृषी खात्याकडे कुटुंबाच्या जेवणखाणाचे चार खर्च-आराखडे होते. त्यातला सर्वांत स्वस्त त्यांनी घेतला. हा आराखडा तात्पुरत्या अडचणीच्या काळापुरता आहे, असं खात्यानेच म्हटलं होतं. १९५५ च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग खाण्यावर घालवत होती, म्हणून त्या खर्चाला तीनने गुणलं. झाली दारिद्र्यरेषा. १९६९ मध्ये ती अधिकृत झाली आणि तेव्हापासून फक्त महागाईच्या प्रमाणात वर सरकते. २०२३ मध्ये दोन मोठी माणसं आणि दोन मुलं अशा कुटुंबासाठी ती सुमारे ३०,९०० डॉलर होती.

साठ वर्षांत घरखर्चाची घडी पूर्ण बदलली. खाण्याचा वाटा खूप खाली आला. घरभाडं, औषधपाणी आणि मूल सांभाळायला ठेवण्याचा खर्च यांनी त्याची जागा घेतली. रेषेला यातलं काही दिसत नाही. जनगणना विभाग वापरतो तो आकडा सॅन फ्रान्सिस्कोतही तोच आणि मिसिसिपीच्या खेड्यातही तोच.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. अधिकृत मोजणीत कुटुंबाचं फक्त रोख आणि करापूर्वीचं उत्पन्न धरतात. सरकारने दिलेली अन्नाची मदत, भाड्याची मदत, आयकर विभागाकडून परत येणारी रक्कम, यातलं काहीच धरत नाहीत. गंमत बघा: १९७३ मध्ये अधिकृत गरिबी ११.१ टक्के होती आणि २०२३ मध्येही ११.१ टक्केच, म्हणजे ३ कोटी ६८ लाख माणसं. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'पन्नास वर्षं मदत केली, उपयोग शून्य' असं म्हणणं फार सोपं जातं. पण या पन्नास वर्षांत जी मदत वाढली ती नेमकी न मोजल्या जाणाऱ्या प्रकारची होती. फूटपट्टीवर ज्या खुणाच नाहीत त्या वाढल्या नाहीत असं म्हणण्यासारखं ते आहे.

म्हणून २०११ पासून जनगणना विभाग एक पूरक मोजमापही प्रसिद्ध करतो. त्यात अन्न, कपडे, निवारा, वीज-पाणी, फोन यांचा आजचा खर्च धरतात, भाड्याच्या बाबतीत प्रदेशाप्रमाणे फरक करतात, सरकारी मदत उत्पन्नात मिळवतात, आणि कर, औषधोपचार, कामावर जाण्याचा व मूल सांभाळण्याचा खर्च वजा करतात. २०२३ मध्ये या मोजणीने गरिबी १२.९ टक्के निघाली. अमेरिकेतल्या गरिबीचा कोणताही आकडा वाचताना आधी एवढंच बघा की तो अधिकृत मोजणीचा आहे की पूरक. एका वर्षाचा आकडा एका मोजणीतून आणि दुसऱ्या वर्षाचा दुसरीतून घेतलेला असेल, तर ती तुलना सोडून द्या.

उत्पन्न आणि संपत्ती

उत्पन्न म्हणजे वर्षभरात येणारा पैसा. संपत्ती म्हणजे घर, शेअर, बँकेतली शिल्लक, निवृत्तीचा निधी या सगळ्याची किंमत, वजा डोक्यावरचं कर्ज. उत्पन्नावर महिना निघतो. संपत्तीवर वाईट वर्ष निघतं, मुलांचं शिक्षण होतं, घर घेताना हप्त्यांआधी एकरकमी भरायचे पैसे उभे राहतात. विषमतेची चर्चा बहुधा पगारावर होते, पण खरी दरी संपत्तीत आहे.

फेडरल रिझर्व्ह ही अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करते. २०२२ च्या पाहणीत अमेरिकी कुटुंबाची सरासरी संपत्ती सुमारे १० लाख ६० हजार डॉलर निघाली. त्याच पाहणीत सगळी कुटुंबं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीत उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाकडे होते १ लाख ९२ हजार ९०० डॉलर. सरासरी आणि मधला आकडा यांत साडेपाचपट अंतर आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. ओळीच्या टोकाला उभी असलेली थोडी कुटुंबं सरासरी वर खेचतात, एवढाच त्याचा अर्थ. देश किती श्रीमंत हे सांगायला सरासरी ठीक आहे. माणसं कशी जगतात हे कळायला मधला आकडा लागतो.

फेडरल रिझर्व्हच्याच तिमाही हिशेबात वरच्या एक टक्का कुटुंबांकडे देशाच्या खासगी संपत्तीचा जवळपास ३० टक्के भाग दिसतो, आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे, म्हणजे देशातल्या दर दोन कुटुंबांतल्या एकाकडे मिळून, साधारण अडीच टक्के. खालच्या निम्म्यांकडे शेअर जवळजवळ नाहीतच. त्यामुळे शेअर बाजार वर गेल्याची बातमी येते तेव्हा ती देशाच्या एका भागाचीच बातमी असते. त्याच संस्थेने २०२३ मध्ये विचारलं होतं की ४०० डॉलरचा अचानक खर्च आला तर हातातल्या पैशातून भागवाल का. ३७ टक्के लोक तसं करू शकले नसते. त्यांना उसने घ्यावे लागले असते, काही विकावं लागलं असतं किंवा खर्च करताच आला नसता.

वंशाप्रमाणे पाहिलं तर मधल्या गोऱ्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार डॉलर, मधल्या हिस्पॅनिक कुटुंबाकडे ६१,६००, आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे ४४,९००. हा फरक फक्त आजच्या पगारातून येत नाही. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे, कुठे गृहकर्ज देणं किती धोक्याचं या हिशेबाने, रंगवले. हिरवा भाग उत्तम, निळा बरा, पिवळा घसरणीला लागलेला, लाल धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ हमखास लाल. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननेही गृहकर्जांना हमी देताना हाच भेदभाव केला. सरकारी हमीमुळे लांब मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज मिळून मध्यमवर्गाच्या हाती घर येत होतं, त्याच दशकांत हे दार एका समाजाला बंद होतं. घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी घालणारा फेअर हाउसिंग कायदा आला तो १९६८ मध्ये. तोवर एका पिढीने घर घेऊन, हप्ते फेडून, ते मुलांना देऊनही टाकलं होतं, आणि दुसऱ्या पिढीने तेवढीच वर्षं भाडं भरलं होतं. भाड्याच्या पावत्या वारशात देता येत नाहीत.

शाळांचा प्रश्न याच घराला चिकटलेला आहे. सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. जिथे घरं महाग तिथे कर भरपूर. टेक्सासमधल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. त्यानंतर हा लढा राज्याराज्यांच्या न्यायालयांत गेला आणि काही राज्यांनी गरीब भागांना जास्त पैसे द्यायला सुरुवात केली, काहींनी नाही.

जास्तीच्या शंभर डॉलरचं काय होतं

आता पहिलं दार. दोन मुलांची एकटी आई धरा. वर्षाला २८,००० डॉलर कमावते, भाड्याला सरकारी व्हाउचर आहे (म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरतं), अन्नाची मदत आहे, आणि वर्षाच्या शेवटी अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट नावाची करपरताव्याची रक्कम मिळते. तिने जादा तास काम करून १०० डॉलर जास्त मिळवले.

सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठी पगारातून ७.६५ डॉलर कापले जातात. करपरतावा उत्पन्नाबरोबर एका टप्प्यापर्यंत वाढतो, मग सपाट राहतो आणि नंतर उतरतो. दोन मुलं असतील तर उतरण्याचा दर आहे शंभराला २१.०६ डॉलर, आणि २८,००० वर ती या उतारावरच आहे. अन्नाची मदत ठरवताना कमाईतले २० टक्के सोडतात आणि उरलेल्यावर ३० टक्के वजा करतात, म्हणजे शंभरातले ८० धरले, त्याचे ३० टक्के २४ डॉलर झाले. व्हाउचर असलेल्या घराने उत्पन्नाचे ३० टक्के भाडं भरायचं असतं, म्हणून भाडं ३० डॉलरने वाढतं. एकूण गेले ८२.७१. हातात राहिले १७ डॉलर २९ सेंट. हा ढोबळ हिशेब आहे. भाडं वाढलं की अन्नाच्या मदतीत थोडी भरपाई होऊ शकते, उलट राज्याचा आयकर वेगळा लागू शकतो. तरी चित्र एवढंच राहतं. कोट्यधीशाच्या पगारावरचा सर्वांत वरचा केंद्रीय आयकर दर ३७ टक्के आहे. या बाईचा, परिणामाने, ८० च्या वर.

यात कोणी दुष्टपणे ८० टक्के कर ठरवलेला नाही. तीन वेगवेगळ्या खात्यांनी आपापल्या योजनेची रक्कम हळूहळू कमी होईल अशी काळजी घेतली. प्रत्येकाचा उतार वेगवेगळा पाहिला तर सौम्य आहे. पण तिन्ही उतार आणि पगारातली कपात एकाच घरावर एकाच वेळी येऊन पडतात आणि त्यांची बेरीज करण्याचं काम कोणत्याच खात्याकडे नाही.

काही योजनांना तर उतारही नाही, कडाच आहे. मेडिकेड हा गरिबांचा आरोग्य विमा. ज्या राज्यांनी त्याची व्याप्ती वाढवली तिथे मोठ्या माणसांना दारिद्र्य मर्यादेच्या १३८ टक्क्यांपर्यंत तो मिळतो. एक डॉलर वर गेला की पात्रता संपते आणि मग बाजारातला अनुदानित विमा घ्यावा लागतो. म्हणून जादा तास किंवा छोटी बढती नको म्हणणाऱ्या माणसाला आळशी ठरवण्याआधी त्याचा कागद बघावा. पुष्कळदा त्याने आपल्या घरापुरता हिशेब बरोबर केलेला असतो.

आणि ज्या दहा राज्यांनी मेडिकेड वाढवलाच नाही त्यांतल्या बहुतेकांत त्याहून विचित्र अवस्था आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने गृहीत धरलं होतं की मर्यादेखालच्या सगळ्यांना मेडिकेड मिळेल, म्हणून बाजारातल्या विम्यावरचं अनुदान दारिद्र्य मर्यादेच्या १०० टक्क्यांपासून सुरू केलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. परिणाम असा की टेक्सास किंवा मिसिसिपीत मुलं नसलेला, धडधाकट, दहा हजार डॉलर कमावणारा माणूस मेडिकेडलाही पात्र नाही आणि अनुदानालाही नाही. अनुदान मिळण्याइतका तो श्रीमंत नाही! सोळा हजार कमावणाऱ्याला मात्र अनुदान मिळतं.

बचत केली म्हणून शिक्षा

गरीब अपंगांना आणि गरीब वृद्धांना केंद्राकडून सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम नावाची दरमहा रोख मदत मिळते. ती घेणाऱ्या एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, जोडप्याकडे ३,०००. राहतं घर आणि एक गाडी यातून वगळलेली आहे. ही मर्यादा १९८९ पासून तीच आहे. वेगवेगळे राहिले तर दोघांचे मिळून ४,००० चालतात, लग्न केलं की ३,०००.

शिल्लक महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजतात. त्या दिवशी खात्यात २,०५० असले तर त्या महिन्याची पूर्ण मदत अपात्र ठरते. पन्नास डॉलर जास्त झाले म्हणून पन्नास कापतात असं नाही. चूक वर्षभराने लक्षात आली तर तेवढ्या सगळ्या महिन्यांचे पैसे 'जादा दिले' म्हणून परत मागतात, आणि पुढच्या मदतीतून कापून घेतात. नातेवाइकाने वाढदिवसाला दिलेली भेट किंवा मागची थकबाकी एकदम जमा होणं, एवढ्याने हे घडू शकतं. यावर एक वाट आहे ती माहीत असावी: २०१४ च्या कायद्याने आलेलं एबल खातं. लहान वयात अपंगत्व आलेल्यांना ते उघडता येतं, आणि त्यातले १ लाख डॉलरपर्यंत या मोजणीत धरत नाहीत. आधी २६ व्या वर्षाच्या आत अपंगत्व आलेलं असावं अशी अट होती, २०२६ पासून ती ४६ वर नेली आहे.

ज्याला साठवताच येत नाही त्याला अडीनडीला महाग कर्ज घ्यावं लागतं. पगारावर मिळणारं पंधरा दिवसांचं कर्ज साधारण १०० डॉलरला १५ डॉलर शुल्काने मिळतं. ऐकायला कमी वाटतं. ३०० घेतले, दोन आठवड्यांनी ३४५ द्यायचे. एवढे एकदम निघत नाहीत, म्हणून नुसते ४५ भरून मुदत वाढवून घेतात. आठ वेळा असं केलं की चार महिन्यांत ३६० डॉलर शुल्क गेलं आणि मूळ ३०० तसेच उभे. वर्षाचा दर ३९० टक्क्यांच्या आसपास पडतो. सैनिकांच्या बाबतीत काँग्रेसने २००६ मध्ये कायदा करून या व्याजाला ३६ टक्क्यांची मर्यादा घातली, कारण सैनिक कर्जात बुडाला तर देशाच्या सज्जतेवर परिणाम होतो. काही राज्यांनी ती सगळ्यांनाच घातली. देशभर मात्र ती सर्वसामान्यांना लागू नाही. मर्यादा घालता येते हे मात्र यातून सिद्ध झालेलं आहे.

दुसरं दार

भाड्याची मदत मिळायला पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांतल्या एकालाच ती मिळते. बाकीची प्रतीक्षायादीत असतात किंवा यादीच बंद असते, कारण काँग्रेस दरवर्षी ठरावीक रक्कम मंजूर करते आणि ती संपली की संपली. व्हाउचर हाती पडलं तरी ठरलेल्या मुदतीत (ती निदान ६० दिवसांची असते) ते घेणारा घरमालक शोधावा लागतो. अनेक राज्यांत घरमालक ते सरळ नाकारू शकतो. मुदत गेली की व्हाउचर परत.

आता स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळणारी मदत बघा. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या गृहकर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं, दुसऱ्या घराचंसुद्धा. राहतं घर विकून झालेल्या नफ्यातले एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलर करमुक्त. यासाठी प्रतीक्षायादी नाही, वार्षिक मंजुरी नाही, कोणी घरी येऊन तपासत नाही. विवरणपत्रात ओळ भरली की झालं. व्याजाची वजावट घ्यायची तर सरसकट मिळणारी वजावट सोडून एकेक खर्च दाखवावा लागतो, आणि २०१७ च्या करबदलानंतर ते बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे जितकं घर मोठं आणि उत्पन्न जास्त, तितका हा लाभ जास्त.

संपत्तीचा सर्वांत मोठा लाभ मात्र विकल्याशिवाय कर नाही या तत्त्वात आहे. पगार हातात येण्याआधीच कर कापला जातो. शेअरची किंमत दसपट झाली तरी ते विकेपर्यंत ते उत्पन्नच नाही. विकले तरी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जास्तीत जास्त २० टक्के आणि वर ३.८ टक्के अधिभार, म्हणजे पगारावरच्या वरच्या दरापेक्षा पुष्कळ कमी. पण न विकण्याचीच सोय आहे. समजा एका माणसाने १० लाख डॉलरचे शेअर घेतले आणि ते १ कोटीचे झाले. पैसे लागले की तो शेअर तारण ठेवून कर्ज काढतो. कर्ज हे उत्पन्न नसतं, म्हणून त्यावर कर नाही. तो वारला की कायद्याने वारसाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीची, म्हणजे १ कोटी, धरली जाते. वारसाने दुसऱ्या दिवशी विकले तर नफा शून्य. मधले ९० लाख आयकराच्या दृष्टीने कधी घडलेच नाहीत. वारसा कर आहे, ४० टक्के, पण २०२५ मध्ये त्यातून माणशी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर माफ होते, जोडप्याला दुप्पट.

हे सगळं कायदेशीर आहे आणि यात पळवाट शोधण्याचीही गरज नसते. म्हणूनच आम्ही याला मदत म्हणतो. सरकारने न घेतलेला डॉलर आणि सरकारने दिलेला डॉलर तिजोरीच्या दृष्टीने सारखाच असतो.

गरिबाचा डॉलर मात्र वाटेतही गळतो. १९९६ मध्ये रोख मदतीची जुनी योजना मोडून राज्यांना दरवर्षी १,६५० कोटी डॉलरची ठोक रक्कम द्यायला सुरुवात झाली. रक्कम महागाईने वाढत नाही आणि ती कशावर खर्चायची याची राज्यांना मोठी मोकळीक आहे. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांतल्या ६८ ना रोख मदत मिळत होती, २०२० मध्ये २१ ना. मिसिसिपीत या निधीतले ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल सभागृहाकडे गेल्याचं पुढे उघड झालं. करपरताव्याचंही तसंच. तो मिळायला विवरणपत्र भरावं लागतं, आणि पात्र लोकांपैकी पाचातला एक जण ते पैसे घेतच नाही, कारण त्याला ते माहीत नसतात किंवा उत्पन्न इतकं कमी असतं की विवरणपत्र भरायची सक्तीच नसते.

दोनदा दार उघडलं होतं

१९५९ मध्ये ६५ वर्षांवरच्या अमेरिकी लोकांपैकी ३५.२ टक्के गरीब होते, कोणत्याही वयोगटात सर्वांत जास्त. २०२३ मध्ये अधिकृत मोजणीने ते ९.७ टक्के होते. मधल्या काळात सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन वाढत गेलं. १९७२ मध्ये ते एकदम २० टक्क्यांनी वाढवलं आणि १९७५ पासून महागाईशी आपोआप जोडलं. किमान वेतनाच्या बाबतीत जे झालं नाही ते इथे झालं. शिवाय शिल्लक किती, घर कोणाच्या नावावर, हे कोणी विचारत नाही.

मुलांच्या बाबतीत हाच प्रयोग सहा महिने चालला. मार्च २०२१ च्या कायद्याने मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालच्या मुलाला महिन्याला ३०० आणि त्यावरच्याला १७ वर्षांपर्यंत २५० डॉलर केली. जुलैपासून ती दरमहा थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. ज्यांची माहिती आयकर विभागाकडे होती त्यांना वेगळा अर्ज करावा लागला नाही. मुख्य बदल मात्र रकमेत नव्हता. आधी ज्या आईबापांची कमाई फार कमी होती त्यांना ही सवलत पूर्ण मिळत नसे, कारण ती कमाईच्या प्रमाणात वाढत जाई. २०२१ पुरती ही अट काढली. पूरक मोजणीने बालदारिद्र्य २०२० मध्ये ९.७ टक्के होतं, २०२१ मध्ये ५.२ टक्के झालं. ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी आकडा.

शेवटचा मासिक हप्ता १५ डिसेंबर २०२१ ला जमा झाला. मुदत वाढवणारं विधेयक सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अडलं. २०२२ चा आकडा १२.४ टक्के आला, २०२३ चा १३.७. आज ही सवलत पुन्हा कमाईला बांधलेली आहे. वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत कमावणाऱ्या आईच्या मुलाला तिच्यातून काहीच मिळत नाही, आणि त्यापुढच्या प्रत्येक डॉलरला १५ सेंट या हिशेबाने ती सुरू होते. चार लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याच्या मुलाला ती पूर्ण मिळते.